खाटेचे पैसे कोण देत होतं, माणसाकडे कोण पाहत होतं? : विंटरबोर्न व्ह्यूचं प्रकरण

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराला लागून हॅमब्रुक नावाचं गाव आहे. डिसेंबर २००६ मध्ये तिथे विंटरबोर्न व्ह्यू हे खासगी रुग्णालय सुरू झालं. दोन मजले, चोवीस खाटा, नवी कोरी इमारत. मालक कॅसलबेक ही कंपनी. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेले प्रौढ, ज्यांचं वर्तन घरी किंवा गावातल्या छोट्या निवासात सांभाळणं कठीण झालं आहे, अशांना काही काळ इथे ठेवायचं, त्यांची तपासणी आणि उपचार करायचे आणि परत पाठवायचं, अशी कल्पना होती. एका माणसाचा खर्च आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड. म्हणजे वर्षाला एका खाटेचे सुमारे १,८२,००० पौंड. हे पैसे कुटुंबं देत नव्हती, इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा देत होती. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

जून २०११ मध्ये हे रुग्णालय बंद झालं. ते का बंद झालं हे ब्रिटनमध्ये बहुतेकांना माहीत आहे, कारण तिथल्या कर्मचाऱ्यांनी चालवलेला रुग्णांचा छळ टीव्हीवर दिसला. मला मात्र त्या टीव्हीवरच्या दृश्यांपेक्षा आधीच्या साडेचार वर्षांतली कागदपत्रं जास्त बोलकी वाटतात. लपवून ठेवलेलं असं तिथे फार थोडं होतं. बहुतेक सगळं कुठे ना कुठे लिहिलेलं होतं.

हे रुग्णालय उभं राहिलं कसं

ब्रिटनमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना गावाबाहेरच्या प्रचंड रुग्णालयांत ठेवण्याची पद्धत होती. वेल्समधल्या कार्डिफ इथल्या ईली रुग्णालयातल्या छळाची चौकशी झाली, तिचा अहवाल १९६९ मध्ये आला आणि १९७१ मध्ये सरकारने ही रुग्णालयं हळूहळू रिकामी करण्याचं धोरण जाहीर केलं. त्याला चाळीस वर्षं लागली, पण ते झालं. लोक वस्तीतल्या घरांत राहायला आले.

ज्यांचं सगळ्यात अवघड होतं ते मागे राहिले. कुणी स्वतःला मारून घेणारा, कुणी दुसऱ्याला चावणारा, कुणी रात्रभर न झोपणारा. जिम मॅन्सेल या अभ्यासकाच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९९३ मध्ये आणि नंतर सुधारित अहवालात २००७ मध्ये सरकारला सांगितलं होतं की अशा माणसांसाठी घराजवळ, छोट्या प्रमाणात, एकेका व्यक्तीला डोळ्यांसमोर ठेवून सेवा उभ्या करा. वर्तनसमस्या ही फक्त त्या माणसाच्या आत नसते. तो कुठे राहतो, त्याच्याशी कोण कसं बोलतं, दिवसभर त्याला काही करायला आहे की नाही, यावर ती वाढते किंवा कमी होते, हे त्यात स्पष्ट होतं. अहवाल उत्तम होता. अनेक ठिकाणी अमलात आला नाही. अशी सेवा उभी करायला वेळ लागतो, कसलेली माणसं लागतात आणि स्थानिक अधिकाऱ्याला ती जबाबदारी अंगावर घ्यावी लागते.

ही पोकळी खासगी कंपन्यांनी भरली. गावातल्या सेवेला माणूस आवरेनासा झाला की अधिकारी फोन उचलायचा, कुठे खाट रिकामी आहे ते विचारायचा. विंटरबोर्न व्ह्यूमध्ये आलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या दाखल होण्याचं मुख्य कारण असं ऐनवेळचं संकट होतं. नेमका कोणता उपचार द्यायचा आहे हा विचार नंतरचा. बहुतेकांना १९८३ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली, म्हणजे स्वतःच्या संमतीशिवाय ठेवलेलं होतं. सरासरी मुक्काम दीड वर्षाच्या वर गेला. कागदावर ते तात्पुरतं होतं, पण परत जायला जागाच तयार नसेल तर तात्पुरतंही लांबतच जातं.

आतला दिवस

बारा-बारा तासांच्या पाळ्या. रोजचं काम करणारे बहुतेक मदतनीस अल्पशिक्षित, कमी पगारावरचे, जुजबी प्रशिक्षण मिळालेले. त्या प्रशिक्षणातही भर कशावर, तर माणसाला धरून कसं ठेवायचं यावर. संवाद कसा साधावा, स्वमग्न माणसाला कोणत्या आवाजाचा त्रास होतो, बोलता न येणारा माणूस दुखलं तर कसं सांगतो, हे फारसं नाहीच. परिचारक होते, मानसोपचारतज्ज्ञ होते, पण मजल्यावर राज्य मदतनिसांचं. नोंदणीच्या अटीप्रमाणे रुग्णालयाला नोंदणीकृत व्यवस्थापक हवा होता. ती जागा दीर्घकाळ भरलेली नव्हती आणि त्यावर कुणी बोट ठेवलं नाही.

रुग्णांना दिवसभर करायला काही नव्हतं. हे वाक्य फार साधं दिसतं, पण निवासी संस्थेत काम केलेल्या कुणालाही विचारा. तीस वर्षांचा धडधाकट माणूस, बाहेर जायला बंदी, हाताला काम नाही, टीव्ही सतत चालू. तो दुपारपर्यंत दार वाजवायला लागणार. दार वाजवलं की ते ‘वर्तन’ म्हणून लिहिलं जाणार. लिहिलं गेलं की त्याला धरणार. धरलं की तो झटापट करणार, आणि मग त्याला इथेच ठेवणं कसं गरजेचं आहे याचा नवा पुरावा तयार.

नातेवाईक भेटायला यायचे. त्यांना वॉर्डात किंवा शयनकक्षात जाऊ दिलं जात नसे. भेट ठरलेल्या खोलीत व्हायची. एका तरुणीने आईवडिलांना सांगितलंही होतं, इथे मला मारतात म्हणून. असं होऊ देणार नाहीत, असंच त्यांना वाटलं. त्यांना दोष देणं सोपं आहे. एवढी महागडी जागा, सरकारने निवडलेली, नोंदणी झालेली, तपासणी होणारी. त्यांच्या जागी आपणही तसंच म्हटलं असतं.

कागद काय सांगत होते

मार्गारेट फ्लिन यांनी स्थानिक सुरक्षा मंडळासाठी, म्हणजे दुर्बल प्रौढांना छळापासून वाचवण्याचं काम पाहणाऱ्या मंडळासाठी, केलेला चौकशी अहवाल ऑगस्ट २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. चौकशी अहवाल कसा लिहावा हे शिकण्यासाठीही तो वाचावा. त्यांनी वेगवेगळ्या कार्यालयांतल्या वह्या एका टेबलावर आणल्या.

रुग्णालयाच्या स्वतःच्या नोंदींत २०१० या एका वर्षात रुग्णांना बळाने धरून ठेवल्याच्या ३७९ घटना होत्या. २०११ च्या पहिल्या तीन महिन्यांत १२९. पंधरा महिन्यांत एकूण ५०८. चोवीस खाटांच्या जागेत दिवसाला सरासरी एकाहून जास्त वेळा कुणाला तरी जमिनीवर पाडलं किंवा आवळून धरलं जात होतं. ही लिहिलेली संख्या आहे. ही आकडेवारी कंपनीच्या वरिष्ठांपर्यंत पोहोचायची सोय होती. आठवड्याला ३,५०० पौंड घेऊन जर उपचार चालू असतील तर ही संख्या उतरत गेली पाहिजे, हे समजायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

साउथ ग्लॉस्टरशायर परिषदेच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या, प्रौढ-सुरक्षा विभागाकडे ऑक्टोबर २००७ ते एप्रिल २०११ या काळात या रुग्णालयाबद्दल ४० सूचना, म्हणजे रुग्णाला धोका असल्याचे इशारे, आल्या. त्यातल्या २७ मध्ये कर्मचाऱ्याने रुग्णाला मारल्याचा आरोप होता. पोलिसांकडे जानेवारी २००८ ते मे २०११ दरम्यान २९ प्रकरणं. जवळच्या रुग्णालयांच्या अपघात विभागात इथले रुग्ण पंचाहत्तरहून अधिक वेळा नेले गेले: कधी झटके, कधी जखमा, कधी स्वतःला करून घेतलेली इजा.

आता हे प्रत्येकाच्या खुर्चीवर बसून पाहा. अपघात विभागातल्या डॉक्टरसमोर एक माणूस आला, ओठ फाटलेला, सोबतच्या कर्मचाऱ्याने सांगितलं पडला. टाके घातले, पाठवला. मागच्या महिन्यात त्याच पत्त्यावरून आणखी कुणी आलं होतं हे त्याला ठाऊक नाही. पोलीस आला, तक्रारदार बोलू शकत नाही किंवा त्याची साक्ष न्यायालयात टिकेल असं वाटत नाही, साक्षीदार म्हणजे कर्मचारी, प्रकरण मिटलं. परिषदेच्या अधिकाऱ्याने सूचना आली की रुग्णालयालाच विचारलं, रुग्णालयाने स्वतःच चौकशी करून कळवलं की काळजी घेतली आहे. प्रत्येक सूचना सुटी हाताळली. चाळीस सूचना एकत्र वाचणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

केअर क्वालिटी कमिशन ही देशाची तपासणी यंत्रणा. ती २००९ मध्ये तीन जुन्या संस्था एकत्र करून नुकतीच सुरू झाली होती, आणि संस्थांनी स्वतः भरून दिलेल्या माहितीवर तिची मोठी मदार होती. आपल्याकडे अनुदानाच्या तपासणीच्या आदल्या दिवशी रजिस्टरं कशी पूर्ण होतात हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना अधिक सांगायला नको.

ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्याच एका वरिष्ठ परिचारकाने, टेरी ब्रायन यांनी, व्यवस्थापनाला ईमेल लिहून आपण काय पाहतो आहोत ते सांगितलं. ते काही पहिल्या दिवसापासून बंड करणारे गृहस्थ नव्हते. आधी वरिष्ठांना कळवलं. तो ईमेल कंपनीत फिरला, परिषदेच्या सुरक्षा विभागाकडे पोहोचायला आठवडे लागले. दरम्यान ब्रायन यांनी नोकरी सोडली आणि तपासणी यंत्रणेलाही पुन्हा पुन्हा कळवलं. तिने त्यांना उत्तर दिलं नाही. परिषद या विषयावर बैठक घेणार आहे एवढ्यावर ती थांबली. बैठक झाली ती फेब्रुवारी २०११ मध्ये.

ब्रायन शेवटी बीबीसीकडे गेले. बीबीसीचा एक वार्ताहर मदतनीस म्हणून नोकरीला लागला आणि पाच आठवडे लपवलेल्या कॅमेऱ्याने चित्रण करत राहिला. ३१ मे २०११ रोजी ते ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात दाखवलं गेलं. खुर्चीखाली दाबून ठेवलेली माणसं, कपड्यांसकट थंड पाण्याखाली धरलेली आणि मग मार्चच्या थंडीत बागेत बसवलेली मुलगी, केस ओढणं, डोळ्यांत माउथवॉश. मी याच्या तपशिलात अधिक जात नाही. एवढंच नोंदवतो की मारणाऱ्यांना लपूनछपून करावं लागत नव्हतं. सहकारी समोर होते, काही हसत होते. पाच आठवड्यांच्या नवख्या माणसासमोरही त्यांनी हात आखडता घेतला नाही, यावरून तिथे काय रूढ झालं होतं ते कळतं.

२४ जून २०११ ला शेवटचा रुग्ण हलवला गेला. अकरा कर्मचाऱ्यांनी मिळून ३८ आरोप मान्य केले. २६ ऑक्टोबर २०१२ ला ब्रिस्टलच्या न्यायालयाने सहा जणांना तुरुंगात पाठवलं, त्यात दोन परिचारक. सर्वांत मोठी शिक्षा दोन वर्षांची. बाकी पाच जणांच्या शिक्षा स्थगित. कंपनीवर किंवा तिच्या संचालकांवर खटला झाला नाही. मार्च २०१३ मध्ये कॅसलबेक आर्थिक डबघाईला येऊन प्रशासकाच्या ताब्यात गेली.

मोजणी करणारा नव्हता, कारण मागणी करणारा नव्हता

या प्रकरणावरच्या बहुतेक चर्चा दोन ठिकाणी अडकतात: वाईट माणसं आणि झोपलेली तपासणी यंत्रणा. दोन्ही खरं आहे. पण माझ्या मते मूळ तिसरीकडे आहे, पैसे देणाऱ्याकडे.

एखाद्या दूरच्या जिल्ह्यातल्या आरोग्य अधिकाऱ्याच्या दृष्टीने पाहा. त्याच्या भागातला एक पंचविशीचा मुलगा महिनाभर रोज संकट निर्माण करतो आहे. कर्मचारी सोडून जात आहेत, शेजारी तक्रार करत आहेत, आईने हात टेकले आहेत. हॅमब्रुकला खाट मिळते. दुसऱ्या दिवसापासून फोन थांबतो. अधिकाऱ्याने आठवड्याला ३,५०० पौंड देऊन नेमकं काय विकत घेतलं? उपचार, असं करारात लिहिलेलं असेल. प्रत्यक्षात त्याने शांतता विकत घेतली, आणि ती त्याला पहिल्याच दिवशी मिळाली. मुलगा बरा होतो आहे का, त्याला किती वेळा धरलं, तो परत कधी येणार, हे प्रश्न विचारले की शांतता भंगते. कारण तो परत येणार म्हणजे त्याच्यासाठी घर, माणसं, योजना हवी. म्हणून आढावा बैठका झाल्या तरी रुग्णालयानेच लिहिलेल्या अहवालावर झाल्या. फ्लिन यांच्या अहवालात पैसे देणाऱ्यांच्या या ढिलाईवर कडक टीका आहे.

अंतर इथे निर्णायक ठरतं. घरापासून दोन तासांवर असलेल्या मुलाकडे आई अवचित जाऊ शकत नाही. ती ठरवून, फोन करून, महिन्याने येते. ठरवून आलेल्या माणसाला भेटीची खोलीच दिसते.

महाराष्ट्रात हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. ‘आमच्या पश्चात याचं काय?’ हे वाक्य पालकांच्या प्रत्येक बैठकीत ऐकू येतं. अठरा वर्षांपर्यंत विशेष शाळा, त्यानंतर नशीब असेल तर कार्यशाळा, आणि आईवडील सत्तरीला आले की निवासी संस्थेची शोधाशोध. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची ‘घरौंदा’ ही प्रौढांच्या आजीवन निवासाची योजना कागदावर आहे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये समाजात राहण्याचा हक्क लिहिलेला आहे, पण जागा मोजक्या आणि त्याही बहुधा दूर. इथे पैसे बऱ्याचदा कुटुंबच देतं, म्हणून वाटतं की लक्षही राहील. तसं असतंच असं नाही. जागा मिळवायला ज्याने वर्षानुवर्षं वाट पाहिली, तो पालक प्रश्न विचारताना दहादा विचार करतो. मुलाला परत न्यायला सांगितलं तर कुठे नेणार? पैसे कोणीही देवो, ज्याला दुसरा पर्याय नाही तो ग्राहक नसतो.

म्हणून संस्था पाहायला जाणाऱ्या पालकांना माझं सांगणं असं की बाग आणि स्वयंपाकघर दाखवतील ते पाहाच, पण झोपायची खोली पाहायला मागा, न कळवता आलं तर चालेल का ते विचारा, आणि गेल्या तीन महिन्यांत किती वेळा कुणाला धरावं किंवा कोंडावं लागलं त्याची वही मागा. शून्य सांगणाऱ्या संस्थेपेक्षा ‘अकरा वेळा, त्यातले सात एकाच मुलाचे, आणि आम्ही त्याची संध्याकाळची वेळ बदलली’ असं सांगणारी संस्था मला अधिक भरवशाची वाटते.

बंद केल्यानंतर

विंटरबोर्न व्ह्यूनंतर तपासणी यंत्रणेने अशा सुमारे दीडशे जागांची पाहणी केली. जवळपास निम्म्या जागा निकषांत बसल्या नाहीत. त्या वेळी इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेली सुमारे ३,४०० माणसं आरोग्यसेवेच्या पैशांवर रुग्णालयांत होती. डिसेंबर २०१२ मध्ये सरकारने जाहीर केलं की ज्यांनी तिथे असण्याचं कारण नाही, त्या सर्वांना १ जून २०१४ पर्यंत वस्तीतल्या निवासात आणू. तारीख आली आणि गेली. ऑक्टोबर २०१५ मध्ये नवी योजना: मार्च २०१९ पर्यंत ३५ ते ५० टक्के खाटा बंद. तीही चुकली. पुढची मुदत मार्च २०२४. तेव्हाही सुमारे दोन हजार माणसं आतच होती, त्यातली निम्म्याहून जास्त दोन वर्षांपेक्षा अधिक काळ. एक गोष्ट कुणी पुरेशी हिशेबात धरली नव्हती: जुने बाहेर पडत असताना बौद्धिक अक्षमता नसलेले स्वमग्न प्रौढ नव्याने आत येत राहिले.

अडलं कुठे? इच्छा नव्हती असं म्हणवत नाही. अडलं खिशांत. रुग्णालयातल्या खाटेचे पैसे आरोग्यसेवा देते. तोच माणूस घरी आला की खर्चाचा मोठा भाग स्थानिक परिषदेच्या समाजसेवा विभागावर येतो, आणि परिषदांचं अंदाजपत्रक त्या दशकात आकसतच होतं. माणूस आत राहिला तर परिषदेची बचत. शिवाय त्याच्यासाठी लागणारं घर बाजारात तयार मिळत नाही. आवाज न झिरपणाऱ्या भिंती, न फुटणारी काच, दोन बाहेरची दारं, शेजारी जरा लांब. ते बांधायला दीड-दोन वर्षं जातात. तोवर खाट चालू ठेवायची की नाही, आणि दोन्हीकडचा खर्च कोण उचलणार, यावर फाइल फिरते.

जिथे हे जमलं तिथे रचना साधारण अशी आहे. भाडेकरार त्या माणसाच्या नावावर. काळजी घेणारी संस्था वेगळी, घरमालक वेगळा. ही फारकत महत्त्वाची, कारण काळजी वाईट निघाली तर संस्था बदलता येते, माणसाला घर सोडावं लागत नाही. कर्मचारी त्या एका माणसासाठी निवडलेले, निवडीत आईवडिलांचा शब्द. रुग्णालयात ज्याला तिघांनी धरावं लागायचं तो अशा घरात भाजी आणायला जातो, अशी उदाहरणं विंटरबोर्न व्ह्यूच्या माजी रुग्णांतही आहेत. सगळ्यांच्या वाट्याला हे आलं नाही. काहींच्या बाबतीत नव्या ठिकाणीही सुरक्षेच्या सूचना दाखल झाल्या.

मे २०१९ मध्ये ‘पॅनोरमा’ने पुन्हा लपवलेला कॅमेरा वापरला, या वेळी डरहॅम परगण्यातल्या व्हॉर्लटन हॉल या रुग्णालयात. तेच टोमणे, तीच धमकावणी, तेच धरणं. तपासणी यंत्रणेने त्या जागेला २०१७ मध्ये ‘चांगली’ अशी श्रेणी दिली होती, आणि २०१५ मध्ये तिच्याच एका निरीक्षकाने लिहिलेला प्रतिकूल अहवाल प्रसिद्धच केला नव्हता. एप्रिल २०२३ मध्ये चार कर्मचारी दोषी ठरले, जानेवारी २०२४ मध्ये त्यांना स्थगित शिक्षा झाल्या.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेत मानसिक आरोग्य कायद्यात बदल करणारं विधेयक मांडलं गेलं. केवळ बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता आहे, सोबत मानसिक आजार नाही, अशा माणसाला तपासणीसाठीच्या अठ्ठावीस दिवसांपलीकडे या कायद्याखाली रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही, अशी त्यात तरतूद आहे. न्यायालयांमार्फत आलेल्यांना ती लागू नाही. पालकांच्या संघटना कितीतरी वर्षं हेच मागत होत्या. विधेयकासोबत सरकारने एक खुलासाही केला: वस्तीतल्या सेवा पुरेशा उभ्या राहिल्यावरच ही तरतूद अमलात येईल.